बॅटरीला उकळलेलं पाणी

माझा आवाज मोठा आहे, हे आधीच सांगून टाकते. माहेर कडेगावच्या बाजूला. शाळू हुरड्यात आला की मी माळ्यावर उभी राहून पाखरं हाकायची, आणि आमच्याच नव्हे तर तीन वावरं पलीकडची पाखरंसुद्धा उठून जायची. शेजारी खूश असायचे, फुकटची राखण. लग्न होऊन सांगलीजवळच्या गावात सासरी आले आणि पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी, आक्काताईंनी, बजावलं, "सूनबाई, आपल्या घरात बाईमाणसाचा आवाज चुलीच्या पलीकडं जात न्हाई."

नाही गेला. दोन वर्षं मी सगळा राग भांड्यांवर काढला. सासऱ्यांशी तर थेट शब्दही बोलायचा नाही अशी रीत. 'चहा झालाय' हे मी सासूबाईंना सांगायचं, सासूबाईंनी चार हातांवर बसलेल्या मामंजींना सांगायचं, मामंजींनी 'आण म्हणावं' असं सासूबाईंना म्हणायचं. तोवर चहा गार.

अशा घरात आमच्या ह्यांनी लाऊडस्पीकर आणला! ह्यांचं नाव धन्यकुमार. आता या वयात नाव घ्यायला कसली लाज. साल चौऱ्याहत्तर. एक मशीन, एक माईक, दोन मोठाले कर्णे आणि ट्रकला असते तसली काळी, जडशीळ बॅटरी. लग्नकार्याला भाड्यानं द्यायचा असं हे सगळ्यांना सांगत होते. खरं कारण मामंजी होते.

मामंजी, म्हणजे तवनाप्पा, जुने पैलवान. काचबिंदूनं त्यांची नजर गेली तेव्हा माझा धाकटा दीर पायगोंडा दहा वर्षांचा होता. त्याला मामंजींनी पैलवान केला तो नुसत्या हातानं. रोज पहाटे त्याची मान, खांदे, मांड्या चाचपून बघायचे आणि म्हणायचे, "डावा खांदा कालच्याला कमी हाय. बैठका चोरल्यास." चोरलेल्याच असायच्या. पण पोराची एकही कुस्ती त्यांनी पाहिली नव्हती. मैदान मारून सगळे घरी आले की ह्यांना विचारायचे, "कसा झाला?"

"जिंकला, आप्पा."

"आरं, पण जिंकला कसा?"

"पाडला की त्याला."

संपलं! कुस्तीतलं आमच्या ह्यांना इतकंच कळायचं. मामंजी मान हलवून भिंतीकडे तोंड करून बसायचे. मी आत भाकरी थापत असायची आणि माझा जीव तुटायचा. माझे तिन्ही भाऊ तालमीतले, डाव मला तोंडपाठ. पण सांगणार कोण? आवाज चुलीच्या पलीकडं जात नव्हता ना.

त्या वर्षी पायगोंडा पलटणीत भरती झाला. चैत्रात कडेगावच्या जत्रेच्या मैदानात शेवटची मोठी कुस्ती आणि तिसऱ्या दिवशी बेळगावला हजर. मामंजी ह्यांना म्हणाले, "धन्या, एकदा तरी त्येची कुस्ती चालू असताना मला कळली पायजे. झाल्यावर न्हाई. चालू असताना." कडेगावच्या माळावर तेव्हा वीज नव्हती. म्हणून बॅटरीवरचा लाऊडस्पीकर. एक कर्णा मैदानावर आणि दुसरा खास मामंजींच्या डोक्यावर बांधायचा, असं ठरलं.

बॅटरीची देखभाल माझ्याकडे आली, कारण फाल्गुनात हळद शिजवायची धांदल आणि हे रात्रंदिवस रानात. सांगलीच्या मार्केट यार्डाजवळ लालासाहेब नावाच्या माणसाचं चार्जिंगचं दुकान होतं. पलटणीत त्यांनी वीस वर्षं बॅटऱ्याच सांभाळल्या होत्या, म्हणून बोलणंही हुकूम दिल्यासारखं. एकदा ह्यांच्याबरोबर गेले तेव्हा मलाच पुढं उभं करून त्यांनी धडा दिला. "ताई, ऐका. हिला भुईवर ठेवायची न्हाई, लाकडी फळीवर ठेवायची. वापरली न्हाई तरी दीड म्हयन्यानं इकडं आणायची. रिकामी पडून ऱ्हायली की मरतीया. वर सहा बुचं हायत, आतल्या पट्ट्या पाण्याखाली ऱ्हायल्या पायजेत. पाणी कमी झालं तर ह्या बाटलीतलं घालायचं. दुसरं न्हाई." आणि त्यांनी मला एक बाटली दिली. वाफेचं पाणी म्हणे, डिस्टिल्ड.

सगळं केलं मी. फळी धुऊन घेतली. बुचं पुसली. तेजाबाचा एक थेंब उडाला आणि माझ्या इरकलीला गुडघ्यावर भोक पडलं, तरी तोंडातून शब्द काढला नाही. पण बाटली सासूबाईंनी पाहिली.

आता आम्ही जैन, तेव्हा आमच्या घरातलं पाणी म्हणजे काय ते सांगायला हवं. विहिरीचं पाणी दुहेरी धडप्यातून गाळायचं, धडप्यात राहिलेले जीव त्याच विहिरीत अलगद सोडायचे, मग पाणी उकळायचं, आणि उकळलेलंही दुसऱ्या दिवशी चालायचं नाही. कच्चं पाणी घरात कुणाच्या ओठाला लागत नव्हतं. सासूबाईंनी बाटली उजेडात धरली.

"हे कुणी भरलं?"

"दुकानातलं हाय, आत्याबाई."

"गाळलंय का? कवा उकळलंय? किती दिसांचं हाय?"

मला काय माहीत! सासूबाईंनी बाटली कढीपत्त्याच्या आळ्यात उपडी केली. "बाजारातलं शिळं पाणी त्या एवढ्या महागाच्या वस्तूत घालतीस? आपलं ताजं घाल. ह्याच्यापरीस चोखट पाणी साऱ्या सांगलीत मिळायचं न्हाई."

सासूबाईंना कशाला नावं ठेवू? मला तर ते शंभर टक्के पटलं. उलट वाटलं, लालासाहेब बिचारे, त्यांच्याकडे आमच्यासारखं पाणी कुठलं! आणि मग मी ते असं जीव लावून केलं म्हणता! रोज सकाळी ताजं पाणी गाळून, उकळून, गार करून सहाही तोंडं काठोकाठ भरायची. काठावरून थोडं सांडलं तर पुसून पुन्हा भरायची. सहा आठवडे. घरात कुणी आजारी असतं तर त्याचीसुद्धा मी एवढी सेवा केली नसती.

मैदानाच्या आदल्या दिवशी ह्यांनी बॅटरी सांगलीहून चार्ज करून आणली ती कपाळाला आठ्या घालूनच. जेवताना सांगू लागले, "लालासाहेब लय कावले. काचेच्या नळीत पाणी वढून बघितलं तर आतला काटा तरंगंना. म्हणाले, हिच्यात कुणीतरी साधं पाणी ओतलंय. विहिरीच्या पाण्यात क्षार असत्यात, ते उकळून जात न्हाईत, उलट दाट हुत्यात. वर आणि काठोकाठ भरून तेजाब बाहेर सांडलंय. मी म्हणालो, आवं आमच्या घरात कच्चं पाणी औषधालासुद्धा मिळायचं न्हाई."

मी हातातलं आमटीचं पातेलं खाली ठेवलं.

"मग चालंल का उद्या?" मामंजींनी विचारलं.

"तेजाब बदलून चार्ज दिलाय. पर चार तास चालायची ती दोन तासाच्या वर भरवसा न्हाई म्हणाले. आपली कुस्ती अर्ध्या तासाची. सुखानं हुतंय."

मामंजींचा चेहरा उजळला. आणि मी? मी गप्प बसले. तेव्हाच बोलले असते तर ह्यांनी रातोरात दुसरी बॅटरी शोधली असती. पण सासूबाई माझ्याकडे बघत होत्या, मी सासूबाईंकडे बघत होते, आणि दोघींनाही एकाच वेळी आमटी वाढायची आठवण झाली.

दुसऱ्या दिवशी एस.टी.नं कडेगाव. बॅटरी ह्यांच्या दोन पायांच्या मध्ये, सगळा प्रवास. कंडक्टर प्रत्येक थांब्याला येऊन म्हणायचा, "पावनं, सांडलं तर गाडीला भोक पडंल." माझ्या भावानं गाडी-बैल आणले होते. मैदानात बायका जात नसत. म्हणून माळाच्या वरच्या अंगाला बाभळीखाली गाडी सोडली. गाडीत मामंजी, सासूबाई आणि मी. बाभळीला कर्णा बांधला, तो बरोबर मामंजींच्या डोक्यावर. खाली आखाडा ताटासारखा दिसत होता. तांबडी माती, भोवती हजारो फेटे आणि टोप्या, हलग्यांचा कडकडाट! मामंजी कर्ण्याकडे तोंड करून, दोन्ही हात मांडीवर ठेवून, पोरानं पहिल्यांदा शाळेत बसावं तसे बसले होते.

माईकवर हंबीरराव होते. पलटणीतले निवृत्त सुभेदार, मोठ्या मिशा आणि त्याहून मोठी जीभ. ह्यांनी त्यांना हात जोडून सांगितलं होतं, "सुभेदार, बॅटरी कमजोर हाय. शेवटच्या कुस्तीला फकस्त बोला." हंबीरराव म्हणाले, "काळजीच सोडा."

आणि सुरू झाले ते! आधी देवाचं नाव, मग गावाचं, मग पाहुण्यांचं. साखर कारखान्याचे संचालक आले, त्यांना फेटा आणि नारळ. त्यांचे मेहुणे आले, त्यांना नारळ. ज्यांनी इनाम लावलं त्यांची नावं, वडिलांच्या नावासकट. एका मुलाची टोपी सापडली ती कुणाची. हे मशीनपाशी उभे राहून हातानं खुणा करत होते, आणि हंबीररावांना वाटत होतं धन्यकुमार शाबासकी देतायत. मी मनात तास मोजत होते. एक झाला. दीड झाला. प्रत्येक नारळागणिक कर्ण्यातला आवाज पातळ होत चालला होता.

ऊन कलायला लागल्यावर पुकारा झाला, "आता शेवटची निकाली कुस्ती! सांगलीचा पायगोंडा तवनाप्पा—" मामंजी ताठ झाले. "—विरुद्ध माण तालुक्याचा बिराप्पा!" बिराप्पा दहिवडीकडचा, मुंबईत गिरणीत कामाला, उंच, नुसता सागाचा वासा. दोघांनी माती लावली, हात मिळवले, आणि हंबीरराव ओरडले, "सलामी झडली! पायगोंडानं बिराप्पाच्या मानेवर—"

कर्ण्यातून घर्र असा आवाज आला. मग म्हशीनं उसासा टाकावा तसं काहीतरी. मग काहीच नाही.

"मानंवर काय?" मामंजी म्हणाले.

खाली हे मशीनवर थापा मारत होते. मग धावत सुटले, कुठं ते कळेना. हंबीरराव मेलेल्या माईकमध्ये बोलतच होते, नुसती मिशी हलताना दिसत होती.

"आक्का, मानंवर काय केलं त्येनं?"

सासूबाईंनी डोळे बारीक केले. "दिसंना वं. दोघं बी तांबडंच दिसत्यात."

लोक गरजले. मामंजींनी मान गर्रकन वळवली. "आरं, काय झालं? कुणाची सरशी झाली?" त्यांचे हात हवेत काहीतरी शोधायला लागले, रोज पायगोंडाचे खांदे शोधतात तसे. ते बघितलं आणि माझ्या आतलं सगळं उसळून वर आलं. ही बॅटरी मी मारली होती. माझ्या हातांनी, रोज सकाळी, गाळून उकळून.

मी गाडीच्या साटीवर उभी राहिले, पदर खोचला.

"मामंजी! बिराप्पानं पट काढला! भाऊजी खाली आल्यात, पालथं! बिराप्पा वर!"

सासूबाईंनी माझं लुगडं ओढलं. मामंजींनी तोंड माझ्याकडे वळवलं. दोन वर्षांत त्यांनी माझा आवाज ऐकला नव्हता.

"कोण, सूनबाई?" मग लगेच, "गुडघा कुठाय त्येचा?"

"मानंवर! उजवा गुडघा मानंवर दाबलाय!"

"आणि डावा पाय?"

"भुईवर! सगळा भार त्याच्यावरच हाय!"

"पायगोंडाचे हात?"

"एक छातीखाली अडकलाय. डावा मोकळा!"

मामंजींनी गाडीच्या दांडीवर बुक्की मारली. "मग त्येच मरण हाय त्येचं! मागनं हात घालून डावा घोटा धरायचा आणि त्याच अंगाला फिरायचं! त्येला शिकवलंय मी! इसरला गाढव!"

मी क्षणभरही विचार केला नाही. माळ्यावर उभी राहून हाकारा घालायची तसा छातीत वारा भरला आणि सोडला,

"भाऊजीऽऽ! घोटाऽऽ! डावा घोटा धराऽऽ! त्याच अंगाला फिराऽऽ! आप्पा सांगत्यातऽऽ!"

सगळं मैदान वळून वर बघायला लागलं. हजारो फेटे. मैदानात बाईचा आवाज कुणी ऐकला नव्हता. हलगीवाल्याची टिपरी हवेतच राहिली. आणि त्या शांततेत मी स्पष्ट पाहिलं, मातीत दाबलेलं पायगोंडाचं डोकं किंचित हललं. त्याचा डावा हात मातीवरून मागं सरकायला लागला.

"हात मागं जातोय, मामंजी!"

"जाऊ दे! घाई करू नको म्हणावं!"

"घाई नकाऽऽ, भाऊजी!"

तेवढ्यात डोक्यावरचा कर्णा असा कडाडला की बैल दचकले. ह्यांनी कुणाच्या तरी ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणली होती! ट्रॅक्टर उतारावर लावलेला होता, धक्का मारून चालू होणारा, म्हणून मालकानं हसत दिली. तारा बदलल्या, आणि हंबीरराव दुप्पट जोमानं परतले, "आला, आवाज आला! मंडळी, शांतता राखा! ज्या कुणी ताई ओरडत आहेत त्यांनी—"

"धन्याऽऽ!" मामंजी उभे राहिले. आंधळा माणूस गाडीत उभा राहिला आणि असा गरजला की माझा आवाज काहीच नाही. "बंद कर तेऽऽ! तोड ती वायर!"

हे तोंड उघडं टाकून बघत राहिले.

"बंद कर म्हणतो न्हवं! गुणमाला, तू सांग!"

माझं नाव. सासऱ्याच्या तोंडून, पहिल्यांदा. ह्यांनी चिमटा उपसला, कर्णा गप्प झाला, आणि मी डोळे पुसत सांगायला लागले.

"घोटा धरला! मामंजी, धरला! बिराप्पा सोडवतोय... सुटंना! गुडघा मानंवरनं निसटला!"

"आता! आता फीर म्हणावं!"

"फिराऽऽ, भाऊजीऽऽ!"

आणि पायगोंडा फिरला. तो सागाचा वासा आधी वाकला, मग तोल गेला, मग सगळाच्या सगळा आडवा. मी नाचतच होते गाडीवर. "पडला! उताणा! भाऊजी छातीवर!"

"पाठ टेकली?"

"एक खांदा... एक खांदा... दोनीऽऽ! दोनी खांदं, मामंजी! चितपट!"

मैदान फुटलं. फेटे आभाळात उडाले, हलग्या कडाडल्या. मामंजी हळूच खाली बसले. त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते हसत होते, दोन्ही एकदम. पायगोंडाला खांद्यावर घेऊन लोक गाडीपाशी आले. त्यानं वाकून वडिलांचे पाय धरले. मामंजींनी त्याची मान, खांदे चाचपले. हाताला तांबडी माती लागली ती त्यांनी झटकली नाही. पायगोंडा माझ्याकडे वळून म्हणाला, "वैनी, सीमेवर चला माझ्यासंगं. बंदुका लागायच्या न्हाईत."

सासूबाई मात्र दिवसाकडे बघत होत्या. सूर्य डोंगराआड गेला होता, शिदोरी तशीच गाठोड्यात. आम्ही दिवस बुडाल्यावर जेवत नाही, म्हणजे आता उद्या सकाळपर्यंत कुणालाच जेवण नाही. "सगळ्यांना उपास घडवलासा," त्या म्हणाल्या. पण आवाजाबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत.

परतताना गाडीत मामंजी माझ्या बाजूला तोंड करून बसले होते. मला राहवेना.

"मामंजी, एक सांगायचं हाय. ती बॅटरी मीच घालवली. बाटलीतलं पाणी ओतून दिलं आणि घरचं गाळून उकळलेलं घातलं. रोज. काल कळलं तरी बोलले न्हाई."

"एकटी तिनं न्हाई," सासूबाई पुटपुटल्या.

पुढं चालणारे हे थबकले. चाकं करकरत होती.

"नवी बॅटरी घ्यावी लागंल का रं, धन्या?"

"व्हय, आप्पा. पट्ट्या गेल्यात तिच्या."

"घे. तिला बाटलीतलंच पाणी घाल. लालासाहेब म्हणत्यात तसंच." मग त्यांनी हात पुढं करून अंदाजानं माझ्या डोक्यावर ठेवला. "पर पायगोंडा सुट्टीवर येऊन कुस्ती धरंल, त्याच्या आदल्या म्हयन्यात, गुणमाला, तू रोज सकाळी न चुकता तिला गाळून उकळलेलं घाल."